धुळे ते नंदुरबार, व्हाया तामाले

३० जून १९९८. त्या दिवशी मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल रुमाल मोजत होते. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुन्या कागदांचं गाठोडं ज्या फडक्यात बांधतात त्याला महसूल खात्यात रुमाल म्हणतात. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, धुळे जिल्ह्याचे दोन होणार होते. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके तिकडे. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा इकडे. माणसं वाटून झाली होती, टेबलं वाटून झाली होती, राहिले होते कागद. मी पस्तिशीची लिपिक. माहेर शिंदखेड्याकडचं, सासर नंदुरबारचं. डबा खाताना एक मैत्रीण म्हणाली, "सकायपाईन तुन्हं माहेर परजिल्हामां, बाई!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पोळीचा घास जरा फिरला तोंडात.

जिल्हा झाला हे चांगलंच झालं. धडगावच्या माणसाला एका दाखल्यासाठी धुळ्याला यायचं तर मुक्काम करावा लागे, आणि साहेब दौऱ्यावर असले की दोन मुक्काम. त्यामुळे माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मुंबईत ठरलं, राजपत्रात छापून आलं, आम्ही रुमाल बांधले. तेव्हा हे खटकलंसुद्धा नाही. जिल्हे असेच होतात, त्यात विचारायचं काय? खटकलं ते सव्वीस वर्षांनी, रिटायर होऊन तीन वर्षं झाल्यावर, आणि तेही घाना देशातल्या तामाले नावाच्या गावात.

माझा मुलगा बोअरवेलच्या कामात आहे. तीन वर्षांपासून तामालेत असतो. "आई, ये एकदा," असं म्हणत होताच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तठे काय शे इतलं देखाले?" आणि पेपरात डोकं घातलं. म्हणून एकटीच गेले. आधी मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस, तिचं पिवळं कार्ड (ते नसेल तर घानात पाऊल ठेवू देत नाहीत), मग अदिस अबाबामार्गे आक्रा, आणि आक्र्याहून छोट्या विमानाने तासाभरात उत्तरेला तामाले. २०२४ चा जुलै. खाली बघितलं तर ओली लाल माती, मक्याचे आणि भुईमुगाचे तुकडे, मधूनच एकेकटं मोठं झाड राखलेलं. मला वाटलं विमान उलटं फिरून साक्रीवर आलं की काय.

ती राखलेली झाडं म्हणजे शिया. ह्या झाडाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सहा आठवड्यांत सगळ्यात जवळचं वाटलं ते हेच. शियाचं झाड आपल्या मोहाच्याच कुळातलं. शेतात कोणी मुद्दाम लावत नाही, पण नांगरताना तोडतही नाही. फळं पडायला लागली की बाया पहाटे टोपल्या घेऊन निघतात. वरचा गर गोड, तो खायचा. आतल्या बीचं तेल काढायचं. अक्राणीत मोहाच्या बियांचं तेल काढताना मी पाहिलंय, चवही घेतलीय, त्यामुळे शेजारच्या हाजियांनी पहिल्याच आठवड्यात हाताला धरून त्यांच्या परसात नेलं तेव्हा मला नवल कमी आणि ओळख जास्त वाटली. हाजिया म्हणजे हज करून आलेली बाई. पुढे वयाचा मान म्हणून कोणत्याही प्रौढ बाईला तसंच म्हणतात. माझी हाजिया साठीची, पाच नातवंडांची, आणि आवाज आमच्या मामलेदारापेक्षा मोठा.

बिया फोडून, भाजून, चक्कीतून आणलेल्या. तो चॉकलेटी लगदा मोठ्या परातीत घेऊन पाणी घालत हाताने घुसळायचा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. कोपरापर्यंत हात भरतात, खांदे भरून येतात, आणि सगळं वाया गेलं असं वाटायला लागतं तेवढ्यात रंग फिकट होतो आणि वर पांढरा फेस जमायला लागतो. ताकावर लोणी येतं तस्साच. तो फेस काढायचा, धुवायचा, कढवायचा, गाळायचा. मी घुसळायला बसले तर हाजियांची सून माझ्या बांगड्यांकडे बघून हसत होती. बांगड्या काढल्या नाहीत. त्यांच्या खाचांत चिकटलेला तो धुरकट वास नंदुरबारला आल्यावरही आठ दिवस होता. तामाले हे नावच ह्या फळावरून पडलं असं तिथले लोक सांगतात: शियाला दागबानी भाषेत 'तामा' म्हणतात, आणि 'यिली' म्हणजे घर.

सकाळी भेटलं की 'दासिबा' म्हणायचं. उत्तर 'नाऽ'. घरचे कसे? नाऽ. झोप लागली? नाऽ. काम कसं? नाऽ. लहान माणूस मोठ्यासमोर हे सगळं खाली उकिडवं बसून म्हणतो. रिक्षावाला पोरगा हाजियांना बघून रिक्षा थांबवतो, खाली उतरतो, बसतो, पाच-सहा नाऽ होतात, मग उठून भाड्यावरून भांडतो. ह्या रिक्षा आपल्यासारख्याच तीन चाकी, पिवळ्या, नाव 'यलो-यलो'.

आता मूळ मुद्द्यावर येते.

मुलाला एका डिस्ट्रिक्ट असेम्ब्लीच्या, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या सभेच्या, ऑफिसात बोअरच्या बिलाचं काम होतं. मी म्हटलं, मलाही ने. ह्या वयात देवळांपेक्षा ऑफिसं बघायला मला जास्त आवडतात. ऑफिस म्हणजे ऑफिसच होतं: पंखा, कॅलेंडर, राष्ट्राध्यक्षांचा फोटो, फायलींच्या कोपऱ्यात तेच हिरवे टॅग. पण भिंतीवर एक नकाशा होता आणि त्यावर कोणीतरी स्केचपेनने दोन जाड रेघा मारल्या होत्या. मी नकाशासमोरून हललेच नाही.

तो होता नॉर्दर्न रीजनचा, म्हणजे उत्तर प्रांताचा, जुना नकाशा. सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर, सगळ्या घानाच्या तीस टक्क्यांच्या आसपास. इंग्रजांच्या काळी तर ह्याहून मोठा होता. तेव्हा त्याला 'नॉर्दर्न टेरिटरीज' म्हणत. राजधानी आधी गांबागाला होती, १९०७ साली तामालेला आणली. १९६० साली वरचा पट्टा तोडून 'अपर रीजन' केला, १९८३ मध्ये त्याचेही पूर्व-पश्चिम दोन केले. आणि स्केचपेनच्या रेघा होत्या २०१९ च्या. पश्चिमेला सव्हाना रीजन, राजधानी दामोंगो. ईशान्येला नॉर्थ ईस्ट रीजन, राजधानी नालेरिगू. उरलेला मधला तुकडा, सोळा जिल्ह्यांचा आणि २०२१ च्या जनगणनेनुसार साधारण २३ लाख वस्तीचा, तो आजचा नॉर्दर्न रीजन. एकट्या सव्हानानेच जुन्या मुलखाचा जवळजवळ निम्मा भाग नेला.

आपलंही असंच झालंय. खानदेश एकच जिल्हा होता. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम झाला. महाराष्ट्र झाल्यावर पूर्वेचा जळगाव, पश्चिमेचा धुळे. मग १९९८ ला नंदुरबार. मालेगाव, कळवण तर त्याही आधी, १८६९ लाच नाशिकला गेलेले. अहिराणी बोलणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं, पण कचेऱ्या चार.

तिथल्या साहेबांना मी हे सांगितलं. साहेब म्हणजे को-ऑर्डिनेटिंग डायरेक्टर, सरकारी नोकर, ऑफिस खरं तोच चालवतो. त्याने विचारलं, "मग १९९८ साली तुमच्याकडे किती टक्के मतदान झालं?"

मी म्हटलं, "कसलं मतदान?"

त्याने समजावलं. घानाच्या राज्यघटनेत लिहिलेलंच आहे: नवीन प्रांत करायचा तर आधी चौकशी आयोग, मग सार्वमत. ज्यांना वेगळं व्हायचंय त्या भागातल्या निम्म्या तरी मतदारांनी मत दिलं पाहिजे आणि दिलेल्या मतांपैकी ऐंशी टक्के 'हो' पाहिजेत. २७ डिसेंबर २०१८ ला देशात सहा नव्या प्रांतांसाठी असं मतदान झालं. सहाही झाले, दहाचे सोळा झाले. इकडच्या दोन्हींत तर जवळजवळ सगळी मतं 'हो'ची.

मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. ऐंशी टक्के! आमच्याकडे हरकती मागवल्या असत्या तरी आम्ही पेढे वाटले असते.

घरी येऊन मोठ्या कौतुकाने हाजियांना सांगितलं, तुमच्याकडे बघा कसं लोकांना विचारतात. हाजिया टी.झेड. वाढत होत्या. टी.झेड. म्हणजे 'तुओ झाफी', मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, सोबत बुळबुळीत पाल्याचं कालवण. पळी हातातच ठेवून म्हणाल्या, "आम्हाला कुठे विचारलं?"

आणि खरंच, नाही विचारलं. मतदान फक्त वेगळ्या होणाऱ्या भागात झालं. जे मागे उरणार होते, तामालेचे, येंडीचे, त्यांना मत नव्हतं. ह्यावर देशभर वाद झाला होता. व्होल्टा प्रांतातले लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि हरले. न्यायमूर्ती ब्रॉबे यांच्या चौकशी आयोगाचं म्हणणं होतं की ज्याला जायचंय त्याची इच्छा महत्त्वाची. तर्क बरोबर आहे. पण वाटणी मागणाऱ्या भावाचीच सही घेऊन घर तोडायचं, हे आपल्या वाटपपत्रात तरी चालत नाही. तिथे सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. मी हाजियांना हे बोलले, तर त्या म्हणाल्या, "भाऊच होते ते. खरे भाऊ."

ही गोष्ट अशी. फार पूर्वी ईशान्येकडून ना ग्बेवा नावाचा राजा आला, पुसिगाला स्थिरावला. त्याच्या मुलांत वारसाची भांडणं लागली आणि त्यातून तीन गाद्या झाल्या: माम्प्रुसी, दागोंबा, नानुंबा. थोरली माम्प्रुसींची, तिचा राजा नायिरी नालेरिगूला असतो. दागोंबांचा राजा या-ना, येंडीला. आणि ह्याच वंशातली राजकन्या येनेंगा घोड्यावर बसून उत्तरेला निघून गेली, तिच्या मुलाने आजच्या बुर्किना फासोतल्या मोसी राज्याचा पाया घातला, असं ते सांगतात. पश्चिमेचे गोंजा मात्र वेगळे. त्यांचा मूळपुरुष जाक्पा, राजा याग्बोनवुरा, आता दामोंगोला. म्हणजे २०१९ च्या स्केचपेनच्या रेघा नव्या नव्हत्याच. सव्हाना म्हणजे गोंजांचं राज्य, नॉर्थ ईस्ट म्हणजे माम्प्रुसींचं, उरलं ते दागोंबा-नानुंबांचं. चारशे वर्षांच्या जुन्या फाइलीवर नवा जावक क्रमांक टाकला इतकंच.

आणि गादी म्हणजे गादी नाही, कातडं. दक्षिणेत अशांती लोकांच्या राजाचा स्टूल असतो, उत्तरेत राजा जनावरांच्या कातड्यांवर बसतो. राज्याभिषेकाला त्यांच्या इंग्रजीत शब्दच 'कातड्यावर बसवणं' असा आहे, आणि पदच्युत केलं की 'कातड्यावरून उतरवलं'. कोणी कोणत्या गावचा प्रमुख झाला हे सांगतानाही 'त्याला अमक्या गावचं कातडं मिळालं' म्हणतात. आपल्याकडे 'खुर्ची मिळाली' म्हणतात तसंच.

येंडी तामालेपासून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत. मुलाच्या गाडीतून गेलो. वाटेत एका गावात हातपंप दिसला आणि मी गाडी थांबवायला लावली, कारण त्याचा दांडा आणि डोकं मी लाखांत ओळखेन. 'इंडिया मार्क टू'. आमच्या टंचाईच्या फायलींमध्ये मी ह्या पंपांच्या दुरुस्तीचे किती प्रस्ताव चालवले असतील! एक पोरगी उड्या मारून पाणी काढत होती. पंप धुळ्यातल्यासारखाच कुरकुरत होता.

रस्त्याच्या कडेला कंबरेइतके मातीचे ढिगारे, रांगेने, शेतभर. आधी मला वाटलं वारुळं. ते यामचे वाफे निघाले. याम म्हणजे आपल्या कोनफळाचा मोठा भाऊ. ते पिकवण्यात कोंकोंबा लोकांचा हात कोणी धरत नाही. ह्या कोंकोंबांकडे पुढे यायचंय.

येंडीजवळ आदिबो नावाचं गाव आहे. १८९६ च्या डिसेंबरात इथे जर्मनांच्या तुकडीने दागोंबांच्या सैन्याला गाठलं. एकीकडे बंदुका, दुसरीकडे बहुतेक धनुष्यबाण. जे व्हायचं ते झालं, येंडी जाळली. मग १८९९ साली इंग्रज आणि जर्मन युरोपात बसले आणि त्यांनी रेघ मारली. राजा आणि येंडी जर्मन टोगोलँडमध्ये. तामाले, सावेलुगू, कारागा इंग्रजांकडे. आता गंमत बघा. या-ना व्हायचं तर आधी सावेलुगू, कारागा किंवा मिओन ह्या तीनपैकी एका गावचं कातडं हातात असावं लागतं. ह्या तीन पायऱ्यांवरूनच वर चढता येतं. रेघेने तीनपैकी दोन पायऱ्या एका देशात ठेवल्या आणि माडी दुसऱ्या देशात. पहिल्या महायुद्धात जर्मन गेले, येंडी इंग्रजांच्या ताब्यात आली, पण टोगोलँड म्हणून कागदावर वेगळीच. ९ मे १९५६ ला तिथे सार्वमत झालं, बहुमताने गोल्ड कोस्टमध्ये (घानाचं इंग्रजांच्या काळातलं नाव) सामील व्हायचं ठरलं, आणि ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. म्हणजे ह्या लोकांना विचारण्याची सवय तशी जुनी.

मध्ये इंग्रजांनी आणखी एक काम केलं. १९३० साली येंडीत जाणत्यांना बसवून वारसाचे रिवाज लिहून घेतले. कोण कोणाला निवडतो, कोणाचा हक्क आधी. त्यांना मुलूख राजांच्याच मार्फत चालवायचा होता, त्यामुळे नियम कागदावर हवे होते. लिहिलं की भांडण मिटतं असा आमच्याही खात्याचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. फेरफार लिहिला की भांडणाला नंबर मिळतो.

येंडीचं भांडण दोन घराण्यांचं. एकाच राजाचे दोन मुलगे, अबुदू आणि अंदानी. त्यांच्या वंशजांनी आळीपाळीने कातड्यावर बसायचं. पाळी कुणाची चुकली, कुणाला उतरवलं, कुणाचे दिवस-कार्य झालं नाही, ह्यावरून पन्नास वर्षं धुमसत होतं. देशातल्या दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांनी त्यात आपापलं तेल ओतलं. मार्च २००२ मध्ये तीन दिवस गोळीबार चालला आणि २७ मार्चला राजा याकुबू अंदानी दुसरा मारला गेला, सोबत त्याची कितीतरी माणसं. आणीबाणी लागली. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षं येंडीत राजा नव्हता. सरकारने अशांतींचा राजा, नायिरी आणि याग्बोनवुरा अशा तीन राजांची समिती नेमली. परका एक, थोरला भाऊ एक, शेजारी एक. पंच असेच निवडायला हवेत. दोन्ही घराण्यांच्या राजांची राहिलेली उत्तरकार्यं आधी एकामागून एक करायची, मग नवा राजा, असा तोडगा शेवटी निघाला. जानेवारी २०१९ ला सावेलुगूच्या प्रमुखाला कातडं मिळालं, तो आजचा या-ना. त्याच हिवाळ्यात स्केचपेनच्या रेघाही पडल्या.

राजवाडा आम्ही बाहेरूनच पाहिला. आवारात माणसं सावलीत बसून होती, काही म्हातारे डमरूच्या घाटाचे ढोल काखेत धरून. हे लुन्सी. दोऱ्या काखेत दाबल्या की आवाज चढतो, सैल सोडल्या की उतरतो, आणि दागबानी भाषाच मुळी चढ-उतारावर चालणारी, त्यामुळे ढोल अक्षरशः नावं घेतो. ज्याची नावं घेतो त्याच्या बापाची, आजाची, सात पिढ्यांची. सणाच्या आदल्या रात्री राजाच्या अंगणात हे लोक रात्रभर इतिहास वाजवतात आणि गातात. आमच्या माहेरी भाट यायचा दोन-चार वर्षांनी. पाटावर बसून वही उघडायचा, आजोबांचे आजोबा कोण, कुठून आले, सगळं वाचायचा आणि शेवटी माझ्या भावांची नावं लिहून घ्यायचा. माझं नाव विचारलं नाही कधी.

म्हणून येंडीत मला सगळ्यात आवडली ती गुंदो-ना. या-नाची थोरली लेक. तिला स्वतःचं कातडं, स्वतःचं गाव, आणि दागोंबांमधल्या सगळ्या बायका-प्रमुखांची ती मुख्य. मी हाजियांना विचारलं, लेकीला कातडं मिळतं हे तुम्हाला विशेष नाही वाटत? त्या म्हणाल्या, "येंडीचं नाही ना मिळत." बरोबर आहे. मी गप्प बसले.

सरकारात ह्या राजांचं स्थान काय, हे मी त्या को-ऑर्डिनेटिंग डायरेक्टरला खोदून विचारलं होतं. घानाच्या १९९२ च्या घटनेने त्यांना संरक्षण दिलंय. संसदेलासुद्धा ही संस्था मोडता येत नाही. बदल्यात त्यांनी पक्षाच्या राजकारणात उतरायचं नाही. आपण १९७१ मध्ये तनखे बंद करून विषय मिटवला, त्यांनी राजे ठेवले आणि मर्यादा घातली. त्याच्या शेजारी सरकार चालतं ते असं: प्रांताला मंत्री, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला, आपल्या पालकमंत्र्यासारखा, पण तिथेच राहणारा. जिल्ह्याला चीफ एक्झिक्युटिव्ह, त्यालाही राष्ट्राध्यक्षच सुचवतात, पण जिल्हा असेम्ब्लीच्या हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी मान्य केलं तरच तो खुर्चीत. असेम्ब्लीतले सत्तर टक्के लोकांनी निवडलेले, आणि निवडणुकीत पक्षाचं चिन्ह वापरायला बंदी. तीस टक्के नेमलेले. चिन्हबंदीवर साहेब स्वतःच हसला. कोण कोणाचा ते गल्लीतल्या शेळीलाही ठाऊक असतं, म्हणाला.

मग त्याने मला विचारलं, तुमचा कलेक्टर कोण निवडतं? मी म्हटलं, परीक्षा देऊन येतो. असेम्ब्ली मान्य करते? नाही. लोकांना नकोसा झाला तर? मी म्हटलं, "बदली." तो शब्द मी मराठीतच उच्चारला आणि मग अर्धा तास समजावत बसले. इंग्रजांनी आमच्याकडे कलेक्टर ठेवला, त्यांच्याकडे डिस्ट्रिक्ट कमिशनर. जनावर एकच. त्यांनी स्वातंत्र्यानंतर ते पिंजऱ्यातून काढलं, आपण त्याला घरातच ठेवून घेतलं. माझा पगार त्याच घरात झाला, त्यामुळे मी ह्यावर जास्त बोलू नये.

आता कोंकोंबा. तीन भावांच्या गोष्टीत ते कुठेच नाहीत. त्यांच्यात मुळात मोठा राजा नव्हता, कुळाचा म्हातारा आणि जमिनीचा पुजारी एवढंच. इंग्रजांना राजांच्या मार्फत कारभार करायचा होता. ज्यांना राजा नाही ते आपोआप दुसऱ्यांच्या राजाखाली गेले. तीच रचना पुढे चालू राहिली: जमीन कातड्याची, पीक काढणारे हे. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या मोठ्या प्रमुखाला मान्यता मागितली. १९९४ च्या सुरुवातीला नाकपायिलीच्या बाजारात एका गिनी कोंबडीच्या भावावरून दोघांची बाचाबाची झाली आणि त्यातून जे पेटलं त्यात हजाराहून जास्त माणसं गेली, गावंच्या गावं जळाली. लोक त्याला 'गिनी कोंबडीचं युद्ध' म्हणतात. कोंबडीचा त्यात काही दोष नाही. १९७१ साली आमच्या शहाद्याच्या पाटीलवाडीत धान्यावरून पेटलं तेव्हाही विषय धान्याचा नव्हता, जमिनीचा होता.

तळोदा-अक्कलकुव्याकडे मेवासी संस्थानं होती, काठी, सिंगपूर, नाल अशी. छोटी-छोटी भिल्ल राज्यं. काठीच्या राजवाडी होळीला आजही सातपुड्यातून हजारो लोक येतात. ती होळी मला तामालेत आठवली. मी पोचले त्याच महिन्यात त्यांचा 'बुगुम' आला, अग्नीचा सण. एका राजाचा पोरगा हरवला, रात्री मशाली घेऊन शोधला तर झाडाखाली झोपलेला सापडला. झाडानेच पोर चोरलं म्हणून लोकांनी मशाली झाडावर फेकल्या. म्हणून दरवर्षी त्या रात्री वाळल्या गवताच्या मशाली, ढोल, आणि गावाबाहेर जाऊन झाडावर आग. हाजियांनी मला फाटकाच्या आत उभं केलं आणि कडी लावून घेतली. ठिणग्या भिंतीवरून आत येत होत्या.

एक गोष्ट राहिली. हाजियांची मधली नात आक्र्याला असते. बाजारात डोक्यावर पाट्या वाहते. अशा मुलींना 'कायायेई' म्हणतात. हौसा भाषेत 'काया' म्हणजे ओझं. इंग्रजांना उत्तरेकडून खाणींसाठी आणि कोकोच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते, शाळा त्यांनी मुद्दामच कमी काढल्या. मजूर अजून जातातच. पावसाळा संपला की गाड्या भरून दक्षिणेला. नंदुरबारच्या स्टँडवर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघालेली कुटुंबं बघते, बोचक्यावर बसलेलं पोर, कोंबडी टोपलीत. हाजियांना फोटो दाखवला तर त्यांनी बराच वेळ बोट टोपलीवर ठेवलं होतं.

येताना त्यांनी शियाचा डबा दिला. टाचांच्या भेगांना. ह्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता रोज लावतात.

परवा नंदुरबारच्या ऑफिसातून एका नव्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला कोणी दिला कोण जाणे. एक म्हातारे आजोबा जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा घेऊन आले होते, वडिलांच्या शाळेचा उतारा. त्यावर गाव बरोबर, तालुका तळोदे बरोबर, पण जिल्ह्याच्या जागी नुसतं 'प. खा.' लिहिलेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "यादीत असा जिल्हाच नाही. प. खा. म्हणजे काय?"

मी म्हटलं, आजोबांना बसव, चहा दे, आणि पेन घे. जरा वेळ लागेल.